पठारकाका

‘विषय : पठारावरील सुटे दगड जागेवरून न हलविण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस नम्रपणे कळविण्यात येते की…’ असं पत्र ज्याने आयुष्यात एकदा तरी लिहिलंय, स्वतः जाऊन दिलंय, त्याच्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का मारून घेतलाय आणि ती पोच जुन्या पगारपत्रकांच्या फायलीत लावून ठेवलीय, त्या माणसाला आमच्या खडकीत पठारकाका म्हणतात.

पठारकाका एक नाहीत. खडकी बाजारात वडिलांच्या वेळची खोली धरून बसलेले एक आहेत. रेंज हिल्सचं क्वार्टर सोडताना डोळे पुसत बोपोडीत फ्लॅट घेतलेले एक आहेत. तिसरे औंध रोडला लेकीकडे असतात आणि लेक कंटाळली की इकडे येतात. मी सोयीसाठी तिघांचं मिळून एकच माणूस करतो. वाचून कुणाला राग आलाच, तर ‘हे त्या दोघांबद्दल आहे’ असं म्हणायची सोय तिघांनाही राहते.

हा प्राणी खडकीतच का निपजतो, हे कळायला कारखाना कळावा लागतो. आमचा दारूगोळा कारखाना 1869 सालचा. इथल्या दोन-तीन पिढ्या भोंग्यावर उठल्या आणि भोंग्यावर जेवल्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, दारूगोळा म्हणजे धाडसाचं काम. तसं काही नाही. ते कमालीचं भित्रं काम आहे आणि तसंच असावं लागतं. दारात झडती. काडेपेटी बाहेर. बुटाच्या तळाला खिळा असता कामा नये, कारण खिळा फरशीवर घासला की ठिणगी. अंगात बिनखिशाचे कपडे. आणि धोक्याच्या प्रत्येक इमारतीबाहेर एक पाटी : आत एका वेळी किती माणसं आणि किती माल. त्याला मॅन लिमिट म्हणतात. पाटीवर चार लिहिलं असेल, तर पाचवा माणूस बाहेर. मग तो पाचवा कितीही मोठा साहेब असो.

आमचे काका तिथे चार्जमन म्हणून निवृत्त झाले. तीसेक वर्षं त्यांनी माणसं मोजली, बूट उलटे करून बघितले आणि पाचव्याला बाहेर उभं केलं. अशा माणसाला सरकार एक दिवस नारळ आणि शाल देऊन मोकळं सोडतं. आता त्याने कुणाला बाहेर उभं करायचं? पहिल्या आठवड्यात काकांनी स्वयंपाकघराच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी लावली : ‘एका वेळी दोन व्यक्ती.’ काकूंनी ती दोन दिवस चालू दिली. तिसऱ्या दिवशी ती पाटी चौघडी होऊन पिठाच्या डब्याच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली गेली. तो डबा अजून स्थिर आहे.

पठार काकांच्या आयुष्यात आलं ते मे महिन्यात. निवृत्त मंडळींची सहल सज्जनगडला गेली होती. समर्थांच्या समाधीचं दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि मग कुणाला तरी सुचलं की इथवर आलोच आहोत तर ठोसेघरचा धबधबा बघू. मे महिन्यात. तिथे कडा होता, कठडा होता, धबधब्याची माहिती देणारी पाटी होती. पाणी तेवढं नव्हतं. ‘किती वाजता सोडतात?’ अशी चौकशीही एका माजी फोरमननी केली. वेळ वाया गेला असं वाटू नये म्हणून गाडी आणखी पुढे, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघायला नेली.

सगळे पवनचक्कीखाली फोटो काढत होते. काका बुटातला खडा काढायला एका दगडावर टेकले. समोरच्या दगडावर एक सरडा चढला. वीतभर, मातकट, एरवी कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही असा. त्याने मान ताठ केली आणि गळ्याखालचा पंखा उघडला. निळा, मग काळा, मग केशरी. मिटला. पुन्हा उघडला. काका एका हातात बूट धरून तसेच बसून राहिले. गाडीचा हॉर्न वाजला, माणसं हाका मारायला लागली, सरडा काही हलेना. काका अगदी हातभर अंतरावर गेले तरी हलेना.

‘माझ्याकडे बघून केलं त्याने,’ असं काका परतीच्या वाटेवर खंबाटकी घाट उतरेपर्यंत सांगत होते.

तो नर होता आणि ते सगळं त्याने मादीकडे आणि शेजारच्या दगडावरच्या दुसऱ्या नराकडे बघून केलं होतं. पावसाआधीचे हे दिवस त्यांचे विणीचे. त्याला 2016 साली स्वतंत्र जात म्हणून शास्त्रीय नाव मिळालं : सरडा सुपर्बा. हे सगळं काकांना नंतर कळलं. पण मनाने एकदा घेतलं की घेतलं. या सरड्याशी आपली ओळख आहे, हे त्यांनी धरून ठेवलं.

ती ओळख मोडली 2018 साली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास केला होता, तो प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी. ते कमी, म्हणून सरडे जास्त. आणि वरून कुणी झडप घालत नाही म्हणून या सरड्यांच्या अंगात ताणही कमी. माणूस अगदी जवळ आला तरी ते पळत नाहीत. एवढं वाचून कुणाला वाटेल की सरड्यांचं भलंच झालं. तर तेही नाही. गर्दीमुळे खाण्याची ओढाताण, म्हणून अंगाने बारीक. आणि नरांच्या गळ्यावरचा रंगही फिका.

काकांना ही बातमी मीच दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. मग बराच वेळ कप हातात धरून बसले. तो सरडा कुणालाच घाबरत नव्हता, त्यात काका आले होते एवढंच. माणसाच्या अहंकाराला इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीने धक्का बसलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. पण चार्जमन तो चार्जमन. दुसऱ्या दिवशी सकाळी ते निष्कर्षासह हजर. ‘हे कसं आहे माहितीय का तुला? सेफ्टी ऑफिसर लांबच्या रजेवर गेला की डिपार्टमेंटचं जे होतं ना, तेच झालंय. कुणाला धाक नाही, जो तो मोकळा, गर्दी वाढलेली आणि एकाच्याही अंगावर तेज नाही. घार पाहिजे रे. डोक्यावर घार पाहिजे.’

एवढ्या मोठ्या शोधनिबंधाचं इतकं नेमकं सार मी नंतर कुठे वाचलेलं नाही.

इथून पुढे काकांनी पठाराचा अभ्यास सुरू केला. अभ्यास म्हणजे बाजारातल्या चहाच्या टपरीवर बसून जो सापडेल त्याला सांगणे. तुम्ही साबण आणायला निघालेले असता आणि काका तुम्हाला जांभ्याचा जन्म सांगतात. सह्याद्रीचा काळा कातळ लाखो वर्षं पावसाने झिजत गेला. त्यातलं जे विरघळण्याजोगं ते वाहून गेलं आणि मागे लोखंडाची न् ॲल्युमिनियमची संयुगं उरली. तो जांभा. त्याचा सपाट माथा म्हणजे सडा. वर माती बोटभर, कुठे तीही नाही. पावसाळ्यात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात अनवाणी पाऊल ठेवता येत नाही. मोठं झाड तिथे मूळ धरत नाही. जे उगवतं ते या हालांची सवय झालेलं, आणि म्हणूनच त्यातलं बरंच दुसरीकडे कुठेच सापडत नाही. ‘आणि सातबाऱ्यावर याला म्हणतात काय? पोटखराब!’ इथे काकांचा आवाज चढतो, टपरीवाला गॅस बारीक करतो. ‘लागवडीला नालायक म्हणून पोटखराब. मग येतो कुणी पवनचक्की घेऊन, कुणी बॉक्साइटची खाण घेऊन, कुणी आंब्याची कलमं घेऊन. खराब जागा आहे ना, मग करा अजून खराब!’ यातली खाणीची गोष्ट खरी आहे. बॉक्साइटसाठी कोल्हापूर जिल्ह्यातली काही पठारं खरोखरच खणली गेली. वनस्पतींच्या अभ्यासक डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या माणसांनी या उघड्या कातळांकडे ‘पडीक’ म्हणून बघू नका, हे सांगण्यात वर्षं घातली आहेत. काका त्यांचा उल्लेख ‘मॅडम’ असा करतात. मॅडमना काका ठाऊक नसावेत. काकांच्या मते हा तपशील गौण आहे.

दगडांचं प्रकरण यातूनच आलं. सड्यावरचा सुटा दगड म्हणजे कुणाचं तरी छप्पर असतं. खाली ओल टिकते, सावली टिकते. विंचू, पाली, साप, देवगांडुळं असा सगळा संसार त्याखाली चालू असतो. वरद गिरी आणि आरन बावर यांनी 2008 साली एका पालीचं वर्णन प्रसिद्ध केलं, ती याच चाळकेवाडीच्या पठारावरची. तिचं शास्त्रीय नावही साताऱ्यावरून ठेवलेलं आहे. काकांनी ही माहिती घरी नेली, तिथे पंचाईत झाली. घरातली भिंतीवरची पाल तिच्याच कुळातली, हेमिडॅक्टिलस. तेव्हापासून काकांच्या घरात पालीवर केरसुणी उगारायला बंदी आहे. ‘अगं, सातारकरांच्या चुलत घराण्यातली आहे ती,’ असं त्यांनी समजावलं. काकू म्हणाल्या, ‘असू दे. पण तुमच्या सातारच्या पाहुण्यांना सांगा, दुधाच्या पातेल्याशी येऊ नका. मी माहेरच्यांनाही येऊ देत नाही.’

एकदा एका पठारावर एक कुटुंब दगडावर दगड रचत बसलेलं काकांनी पाहिलं. असे पाच-सात दगड उभे राहिले की घर होतं अशी समजूत आहे, आणि पुण्याच्या आसपासच्या माणसाला घर व्हावंसं वाटण्यात काही गैर नाही. काका शांतपणे जाऊन उभे राहिले. ‘किती बेडरूमचा पाहिजे?’ त्यांनी विचारलं. गृहस्थ लाजून म्हणाले, दोन. ‘मग दोन बेडरूमसाठी तुम्ही आत्ता सात घरं पाडलीत.’ ते कुटुंब गोंधळून बघत राहिलं. काकांनी गुडघ्यावर बसून सातही दगड आपापल्या ठशात परत ठेवले. कुठला दगड कुठला हे त्यांनी कसं ओळखलं, असं मी विचारलं. ‘खालची बाजू ओली असते, वरच्या बाजूला शेवाळाचे वाळके डाग असतात. आणि जमिनीवर साचा असतो. तू कधी शेल बसवलेला नाहीस ना, म्हणून तुला कळत नाही.’ मी कधीच शेल बसवलेला नाही, हे खरं आहे.

पण काकांचं खरं क्षेत्र म्हणजे कास.

कास कुणाला माहीत नाही? साताऱ्याच्या पश्चिमेला साधारण 25 किलोमीटर, समुद्रसपाटीपासून 1,200 मीटरच्या आसपास, पसारा दहाएक चौरस किलोमीटरचा आणि फुलझाडांच्या जाती साडेआठशेच्या घरात. युनेस्कोने 2012 साली पश्चिम घाटातल्या 39 जागांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात महाराष्ट्रातल्या चार : कोयना, चांदोली, राधानगरी आणि हे कास. वारसा ठरला आणि आपण वारस धावलो. गाड्यांच्या रांगा यवतेश्वरच्या घाटात मागे लागायला लागल्या. मग हंगामात दिवसाला 3,000 माणसांची मर्यादा आली, आधी नोंदणी आली, शुल्क आलं. हे वाचलं त्या दिवशी काकांनी टपरीवर सगळ्यांना स्वखर्चाने चहा पाजला. ‘मॅन लिमिट!’ ते दर दोन मिनिटांनी म्हणत होते. ‘बाहेरच्या जगालाही मॅन लिमिट कळली!’

आणि मग त्यांनी ‘पठार वाचवा’ सहली काढायला सुरुवात केली.

यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. काकांच्या आली नव्हती. पठारावर माणसं कमी जावीत, हे माणसांना पटवून द्यायला काका दर भाद्रपदात माणसांनी भरलेली गाडी पठारावर नेत. पहाटे, अंधारात, खडकी स्टेशनसमोर हजेरी. मग झडती. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, च्युइंगगम, अत्तर सगळं जप्त. यादी करून पोत्यात. परत आल्यावर सही घेऊन परत. बूट उलटे करून तळ बघायचे, कारण तळाच्या चिखलातून आपल्याकडचं गवताचं बी तिकडे जातं. (यात तथ्य आहे, पण पहाटे पावणेपाचला एका पायावर उभ्या असलेल्या माणसाला तथ्य दिसत नाही.) शिरवळपासून आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत व्याख्यान. पुढे घाटात ज्यांना मळमळतं त्यांच्यासाठी आवळासुपारी, पण तिचा कागद परत द्यायचा.

पठारावर पोचलं की मंडळींचा पहिला प्रश्न एकच : ‘फुलं कुठायत? फोटोत तर जास्त होती.’ काका या क्षणाची वाटच बघत असतात. ‘खाली बघा,’ ते म्हणतात. आणि खरंच, धुकं जरा सरकतं, डोळे जमिनीशी येतात आणि दिसायला लागतं. तेरड्याचा गुलाबी पट्टा, सोनकीचा पिवळा, गेंदाचे पांढरे गोळे. मध्ये ओलीत सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा. डबक्यात वायतुरा उभा असतो, त्याचा तुरा वर जाऊन दोन फाट्यांत फुटलेला. साताऱ्याकडच्या पठारांखेरीज हा फारसा कुठे दिसायचा नाही. टोपली कारवीची गोल झुडपं असतात, ती सात वर्षांतून एकदा फुलतात आणि बाकी सहा वर्षं काकांचं ऐकून घेतात. काका ही नावं अशी घेतात की घरातली बारशी त्यांनीच केली असावीत. नातीसाठी त्यांनी ‘नभाळी’ हे इथल्याच एका फुलाचं नाव खरंच सुचवलं होतं. सूनबाईंनी नम्रपणे अवधी मागितला आणि मुलीचं नाव दुसऱ्याच दिवशी जन्मनोंदणीत ‘आर्या’ असं घालून टाकलं.

सीतेच्या आसवांपाशी काका हमखास थांबतात. ही झाडं मांसाहारी आहेत, असं सांगून ते आमच्याकडे विजयी नजरेने बघतात. सड्याची माती दरिद्री, तिच्यात नत्र नाही. मग झाडाने काय करायचं? या झाडाला पाण्याखाली बारीक फुगे असतात. जवळून एखादा सूक्ष्म जीव गेला की फुगा त्याला आत ओढून घेतो. शेजारचा दवबिंदू आपल्या पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरतो. एका सहलीत हे ऐकून वारकरी कुटुंबातल्या एक आजी मागे सरकल्या. ‘चातुर्मासात?’ त्यांनी विचारलं. काकांकडे पठाराबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. या प्रश्नाचं नव्हतं.

पुढचा प्रसंगही त्याच सहलीतला. तो फुगा प्रत्यक्ष दाखवायचा म्हणून काका भिंग घेऊन पालथे झोपले. पंधरा मिनिटं हलले नाहीत. भोवती आमचं कोंडाळं. लांबून येणाऱ्या दुसऱ्या सहलीला वाटलं, म्हातारा गेला. एक बाई रामरक्षा म्हणायला लागल्या, एकाने कांदा पुढे केला. शिट्टी वाजली आणि गर्दी सारत एक पोरगा आला. आसपासच्या गावांची मिळून संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे, हंगामात पठारावर तिचीच माणसं राखणीला असतात. त्यांतला हा एक. अंगावर रेनकोट, पायात रबरी चप्पल.

‘आजोबा, बरं वाटत नाही का?’

‘मी उत्तम आहे. निरीक्षण चालू आहे.’

‘मग करा की. पण तुमचं कोपर गेंदावर आहे न् दोन्ही पाय वाटेच्या बाहेर.’

काका उठले. अंगाखाली माणसाच्या आकाराचा चपटा पट्टा होता, त्यात सगळे रंग होते. आमच्यातलं कुणीही बोललं नाही. तीस वर्षं ज्याने पाचव्या माणसाला बाहेर उभं केलं, तोच आज पाचवा निघाला होता.

‘दंड किती?’ काकांनी विचारलं.

पोरगा म्हणाला, राहू दे आजोबा. काका म्हणाले, राहू कसं दे? नियम म्हणजे नियम. पोरगा म्हणाला, पावतीपुस्तक खाली चौकीवर आहे. काका म्हणाले, चला चौकीवर. तिथे असल्या गुन्ह्याला नेमकी किती रक्कम लावावी याचा बराच खल झाला. काका वाढवत होते, पोरगा कमी करत होता. इकडे गाडीत मंडळी भुकेने कासावीस. डबे गाडीत होते, पण काका आल्याशिवाय उघडायचे नाहीत असा काकांचाच नियम. शेवटी पोरगा वैतागून म्हणाला, ‘आजोबा, दंड भरायचाच असला तर पुढच्या साली दोन माणसं कमी आणा. तोच दंड.’

काका परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. शिरवळला पोत्यातली पाकिटंसुद्धा सही न घेता वाटून टाकली.

त्यानंतर ते एकटेच दोनदा त्या पोराकडे जाऊन आले. चहा प्यायले, ऐकलं. (ऐकलं! काकू अजून विश्वास ठेवत नाहीत.) पूर्वी गावातली गुरं पठारावर चरायची, मग कुंपण आलं, कुणी म्हणतं गुरं थांबली म्हणून गवत माजलं आणि फुलं मागे हटली, कुणी म्हणतं कुंपण नसेल तर माणसंच तुडवून टाकतील. काकांनी कुंपणाच्या बाजूने एक पत्र आधीच दिलेलं होतं. आता त्यांनी विरुद्ध बाजूने दुसरं दिलं. दोन्ही पोची एकाच फायलीत, एकाखाली एक आहेत. ‘विचार बदलणं हा गुन्हा नाही, पण मागचा कागद फाडू नये,’ असं ते म्हणतात, आणि मला हा स्वभाव मनापासून आवडतो. आपल्याकडे पर्यावरणावर ठाम मत असणारी माणसं पुष्कळ आहेत. गावातल्या पोराचं ऐकून ते मत खाली ठेवणारी फार कमी.

एरवी काकांचा निसर्गसंरक्षणाचा सिद्धांत पक्का खडकीचा आहे. ‘पुण्यात झाडं कुठे राहिली? जिथे लष्कराची पाटी आहे तिथे. प्रवेश निषिद्ध. दारात बंदूक घेतलेला जवान. त्याच्याइतकं झाडांसाठी कुणी काही केलेलं नाही, आणि त्याला एका झाडाचं नाव येत नाही.’ आमची मुळा नदी जलपर्णीने भरते, तेव्हा ‘तिथे का नाही जात वाचवायला?’ असं कुणी खोचकपणे विचारतं. काका शांतपणे सांगतात, ‘तिथे माणसं सोडली तर वाचवण्यासारखं काही उरू दिलं नाही आपण. सडा अजून आहे.’ हे उत्तर मला पटत नाही. नदी जवळ आहे, तिला वास येतो आणि तिच्याकाठी टोपली कारवी फुलत नाही, हे खरं कारण असावं. दूरच्या पठारावर प्रेम करणं जवळच्या नाल्यापेक्षा नेहमीच सोपं असतं.

सहली आता बंद आहेत. पण उशीर झाला होता. काकांनी तयार केलेली माणसं आपापल्या गाड्या काढून जायला लागली होती. एका जोडप्याने तर काकांनी शिकवलेली सगळी नावं घालून रील केलं आणि ते मोठ्या अभिमानाने काकांनाच पाठवलं. त्यात दोघं सोनकीत बसलेली होती. काका ते बघून एवढंच म्हणाले, ‘नावं बरोबर सांगितलीत.’

हल्ली ते मंगळवारी-बुधवारी पहाटे एकटेच निघतात. कुठे, तर साताऱ्याकडे, देवाला. देव कुठला, हे काकूंनाही माहीत नाही. गेल्या मे महिन्यात त्यांनी मला बरोबर नेलं. अटी : मोबाइल घरी, प्रश्न नाहीत, आणि परत आल्यावर नकाशा काढायचा नाही. एसटीतून उतरून चढण चढलो आणि एका सड्यावर आलो. पवनचक्की नाही, पाटी नाही, माणूस नाही. दगड होते. दगडाखाली काय आहे ते बघायचं नाही, असा नियम असल्यामुळे मी वरूनच बघत राहिलो. ऊन रणरणत होतं. मनात म्हटलं, याच्यासाठी मी रजा टाकली?

तेवढ्यात लांबच्या दगडावर तो दिसला. गळ्यातला रंग असा, की मी एवढ्या अंतरावरूनही दचकलो. मी एक पाऊल टाकलं मात्र, तो क्षणात गायब. मी काकांकडे वळून ‘सॉरी’ म्हणणार, तर काका आनंदाने थरथरत होते. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

‘पळाला! बघितलंस? घाबरून पळाला! म्हणजे इथे अजून घारी आहेत!’

तो सडा कुठला, ते मला विचारू नका. फारच जावंसं वाटलं तर कासला जा : आठवड्याच्या मधल्या वारी, नोंदणी करून, वाटेवरून पाय न काढता. तिथे निदान शिट्टी वाजवायला माणूस आहे.